बॉरो, लेंड आणि काकूंचा गंज

दरवर्षी सहामाहीच्या आधी एकदा मी नववीच्या वर्गात फळ्याच्या डावीकडे 'बॉरो' लिहिते, उजवीकडे 'लेंड', आणि मध्ये खडूने उभी रेघ ओढते. रिसोडच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथे हा पाठ मी आठ वर्षं घेतेय आणि आठही वर्षं मुलांनी तो पेपरात उलटा लिहून मला परत केलाय. 'मॅडम, प्लीज बॉरो मी युअर पेन.' दरवर्षी हेच वाक्य. पेन माझा, आणि उसना घ्यायचा तोही मीच.

मुलांचा दोष नाही, हे मी मनातल्या मनात मान्य करते, वर्गात करत नाही. आपल्याकडे 'उसनं' एकच. घेणाऱ्याचंही उसनं, देणाऱ्याचंही उसनं. घेतलं की दिलं, एवढंच काय ते पाहायचं. इंग्रजीला तेवढ्याने भागत नाही. तिथे घेणाऱ्याचं क्रियापद वेगळं आणि देणाऱ्याचं वेगळं. घेतो तो बॉरो करतो आणि पुढे 'फ्रॉम' लावतो. देतो तो लेंड करतो आणि पुढे 'टू' लावतो. काही जण लेंडच्या जागी 'लोन' म्हणतात, तेही चालतं. वस्तूचं भाडं पडत असेल तर बॉरो नाही, 'हायर' किंवा 'रेंट' म्हणायचं; पेरणीला ट्रॅक्टर सांगतो तो हायर. वस्तू जागची हलवायची नसेल तर 'यूज'. शेजारच्या नळावर हंडा भरला तर नळ बॉरो होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉरो केलेली वस्तू परत करायची असते. लवकर, आणि आणली तशी. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारते.

मग वाक्यं करायला सांगते. पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाने बँकेवरच वाक्यं केली, तेव्हापासून पैशाचं वाक्य करायचं नाही असा माझा नियम आहे. घरात पाहा, म्हणते, शेजारी पाहा, तिथे काय कमी उसनवारी चालते?

यंदा एका मुलीने लिहिलं, 'माय मदर लेंड्स सॉल्ट फ्रॉम अवर नेबर.' मुलगी शिरपूर जैनकडच्या एका खेड्यातून एसटीने येते, पहिल्या बाकावर बसते आणि उलट बोलते. मी लाल पेनाने 'लेंड्स' खोडून 'बॉरोज' लिहिलं. ती उभी राहिली.

"पन मॅडम, आमी मीठ वापस नाई करत."

"कधीतरी करत असाल."

"कधीच नाई. त्या बी आमच्या घरून तेल नेतात, त्या बी नाई करत. त्याइच्याकडे कढीपत्त्याचं झाड हाय, आमच्याकडे लिंबाचं. मंग बॉरो कोनं केलं अन् लेंड कोनं?"

वर्ग हसला. मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "परत करायचं नसेल तर ते बॉरो नाही. ते गिव्ह. दिलं."

"देलं असं नाई म्हनत, मॅडम," ती म्हणाली. "तसं म्हनलं तं राग येईन त्याइले."

मी घड्याळाकडे पाहिलं. शनिवारची सकाळची शाळा होती, घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि ती दोन मिनिटं मला काही केल्या जाईनात. त्या पोरीला काय सांगायचं ते मला चांगलं माहीत होतं. मला ते चौदा वर्षांपूर्वी शिकायला मिळालं होतं, आणि त्याची किंमत माझ्या आईने दिली होती.

शनिवारी शाळा सुटली की मी जीपने गावी आईकडे जाते. रस्त्यालगतचं आमचं ते घर मी आठवीत असताना बांधलं. त्याआधी आम्ही गावाच्या टोकाला, आमच्याच लोकांच्या वस्तीत राहायचो. आम्ही बौद्ध, आजोबांच्या वेळी आमच्या घराने दीक्षा घेतलेली. बाबांना नोकरी होती, त्यांनी हिंमत करून रस्त्यावरचा प्लॉट घेतला. शेजारी एका शेतकरी घराचा गुरं बांधायचा वाडगा आणि त्यापलीकडे त्यांचं घर. त्या घरातल्या सूनबाई म्हणजे आमच्या काकू, आईच्याच वयाच्या.

पहिली दोन वर्षं काकू आणि आई कुंपणापलीकडून बोलायच्या, एवढंच. आईने काही देऊ केलं की काकू हसून म्हणायच्या, "राहू द्या, आत्ताच जेवन झालं." जेवण झालेलं नसायचं. काकूंची सासू ओट्यावर बसून असायची आणि तिची नजर कुंपणावरून हलायची नाही. आई मागणारी बाई नव्हती. तिची आई लहानपणी लोकांच्या दारी भाकरी मागायला जायची, आणि ते ऐकत मोठ्या झालेल्या माझ्या आईने 'मागणं' हा प्रकारच घरातून काढून टाकला होता. मीठ संपलं तर ती अळणी स्वयंपाक करायची, पण कुणाच्या दारात वाटी घेऊन उभी राहायची नाही.

आणि मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, काकू स्वतः कुंपणाशी आल्या. "विरजन हाय का वं घरात? माहं दूध तसंच राह्यलं."

आईने वाटीभर दही दिलं. विरजणाला चमचाभर लागतं, आईने वाटी काठोकाठ भरली. रात्रीच्या जेवणाला तिने बाबांना तीनदा सांगितलं, "त्याइनं मांगतलं. सोता येऊन मांगतलं." दुसऱ्या दिवशी ती वाटी परत आली, आत गुळाचा खडा होता. तिथून भांड्यांचं येणं-जाणं सुरू झालं. वाटीचा डबा झाला, डब्याचा गंज झाला. गंज म्हणजे आमच्याकडे स्टीलचं काठाचं मोठं पातेलं. काकूंच्या त्या गंजावर त्यांच्या सासूचं नाव कोरलेलं होतं. सासूच्या नावाचं भांडं आमच्या चुलीजवळ ठेवलं जातं, यासाठी काकू त्यांच्या घरात कितीतरी भांडल्या असतील. आई त्या गंजाला राखेने घासायची नाही, ओरखडे पडतात म्हणून. साबणाने घासायची.

आईला गावात दुसरी मैत्रीण नव्हती. जुनी वस्ती मागे राहिली होती, तिथल्या बायकांना आई आता 'रोडवरची' वाटायची. सकाळी काम आटोपलं की कुंपणाच्या अलीकडे आई आणि पलीकडे काकू, तूर निवडत, लसूण सोलत, तासभर. आईला हसताना पाहायचं असेल तर मला तिकडच्या खिडकीत यावं लागायचं.

मी तेव्हा वाशीमला कॉलेजात होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, इंग्रजी घेऊन. होस्टेलवर राहायचे आणि सुट्टीत घरी आले की घराला सुधारायला घ्यायचे. आई भांडी परत द्यायला फार उशीर लावते, हे मला अतिशय खटकायचं. काकूंचा डबा आठ-आठ, दहा-दहा दिवस आमच्या फळीवर. "लोकाची भांडी घरात कशाला ठेवून घेते? लाज नाही वाटत?" मी म्हणायचे.

आई म्हणायची, "रिकामं कसं देऊ? काही निघू दे घरात."

मला ती सबब वाटायची. घरात काही निघेपर्यंत म्हणजे काय? लिंबं निघतील, शेवगा निघेल, कुणाचा वाढदिवस निघेल. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात लख्ख लिहिलं होतं की उसनी घेतलेली वस्तू लवकर आणि आहे तशी परत करावी. शिकलेली माणसं तशी वागतात. मला शिकलेलं व्हायची घाई झाली होती.

त्या उन्हाळ्यात काकूंच्या अंगणात कुरडया घातल्या होत्या. भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवतात, त्याच्या कुरडया पाडतात, आणि पाडायच्या आधी तो गरम चीक दूध-साखर घालून पोरांना देतात. काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली आणि गंज हातात दिला. "तुले आवडते ना. मायलेही ठेवजो." आई त्या दिवशी मावशीकडे शिरपूरला गेली होती. मी पोटभर खाल्लं, आईसाठी वाटीत काढून ठेवलं आणि गंज घासायला घेतला. आतून घासला, बाहेरून घासला, फडक्याने कोरडा केला, उन्हात धरून पाहिला. चेहरा दिसत होता. आणि दुपारीच, फाटकातून फिरून, काकूंच्या दारात गेले.

"थँक्यू, काकू."

काकूंनी गंज घेतला. सवयीने थोडा तिरका करून आत पाहिलं. "बरं," म्हणाल्या. ओट्यावर बसलेल्या सासूने गंजाकडे पाहिलं आणि मग काकूंकडे पाहिलं. मला हे सगळं आज आठवतं. तेव्हा मी स्वतःवर खूश होऊन घरी आले आणि पंख्याखाली आडवी झाले.

आई पाचच्या गाडीने आली. वाटीतला चीक पाहिला. "गंज कुठी हाय?"

"दिला परत."

"काय घातलं त्यात?"

"काय घालायचं? घासून दिला."

आई पायातली चप्पल न काढता खाटेवर बसली. "रिकामा देला?"

"स्वच्छ करून दिला."

"रिकामा देला," ती परत म्हणाली, पण मला नाही. मग उठली, डब्यातून गूळ काढला, हातात धरून उभी राहिली, आणि पुन्हा डब्यात ठेवला. मी म्हटलं, जाऊन देऊन ये ना, एवढं काय त्यात. ती म्हणाली, "कशात देऊ? भांडं गेलं ना." जे आत घालायचं असतं ते भांड्याबरोबरच जायला हवं. मागून गूळ नेऊन दिला तर चूक झाकायला आल्यासारखं होतं. आमच्याकडे रिकामं भांडं परत करणं म्हणजे आता येणं-जाणं पुरे, असं सांगणं. भांडण होऊनही लोक तसं करत नाहीत. भांडणानंतरसुद्धा चार दाणे तांदूळ घालतात. आणि आमच्या घरातून त्यांच्या घरात असं भांडं जाणं म्हणजे आणखी वेगळं. सासूला जे हवं होतं, ते मी घासूनपुसून, कोरडं करून तिच्या हातात नेऊन दिलं होतं.

आई म्हणाली, "एखादं भांडं येईन त्याइचं. मंग पाहू."

भांडं आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. नळावर बोलणं व्हायचं, पाणी आलं का, पाऊस कुठवर आला. पण तूर निवडणं आपापल्या अंगणात सुरू झालं. काकू मागायला आल्या नाहीत आणि आई तर मागणारी नव्हतीच. घरचं विरजण एकदा मोडलं आणि आमच्याकडे दही रिसोडहून पिशवीतलं यायला लागलं. त्याचं विरजण नीट लागायचं नाही, दही तार धरायचं, आणि आई तेच खायची. सुट्टीत घरी आले की खिडकीतून मला कुंपणाजवळ कुणी दिसत नसे.

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. आधी मला चूक पटली नव्हती, पटली तेव्हा फार दिवस झाले होते, आणि मग तर मी मॅडम झाले. माझं लग्न झालं, रिसोडला घर झालं. चौदा वर्षांत आईने मला एकदाच ऐकवलं. मी नोकरीचे पेढे घेऊन आले होते आणि म्हणाले, काकूंना देऊन येऊ का? ती म्हणाली, "राहू दे. तुले देनं कुठी येते?" मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, खूप राग आला होता, कारण ते खरं होतं.

त्या शनिवारी मी जीपमधून उतरले आणि आईच्या फाटकापाशी न थांबता पुढे गेले. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. सासूला जाऊन बरीच वर्षं झाली, तिच्या जागेवर आता काकू बसतात. केस सगळे पांढरे झालेत.

"ये वं मास्तरीन," त्या म्हणाल्या. "रस्ता चुकली का?"

मी उभ्याउभ्याच म्हणाले, "काकू, थोडं विरजन द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मायनं धाडलं?"

"नाई. मीच आली." आणि थांबले असते तर पुन्हा चौदा वर्षं गेली असती म्हणून लगेच बोलून टाकलं. "काकू, तो गंज मी रिकामा देला होता. कुरोड्या घातल्या होत्या तवा. माय घरी नोती, शिरपूरले गेलती. तिले मालूमच नोतं."

काकूंचा शेंग धरलेला हात तसाच राहिला. कोणता गंज, असं त्यांनी विचारलं नाही.

"मले वाटलं, मायनंच तुह्या हाती धाडला," त्या म्हणाल्या. "म्हनलं, घर बांधलं, पोरगी कॉलेजात गेली, आता त्याइले कायले पायजेन आपलं येनं-जानं. बुढीनं मरेपर्यंत ऐकवलं मले. पाय, म्हने, तू जीव टाकत होती, भांडं रिकामं आलं." मग म्हणाल्या, "तुह्या मायनं काहून नाई सांगतलं मले? एवढे वर्सं नळावर भेटते."

"माहीत नाई, काकू."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हातात तोच गंज होता, सासूच्या नावाचा. त्या एवढ्या मोठ्या गंजाच्या तळाशी दोन चमचे दही. वाटी त्यांच्या घरात नव्हती असं नाही.

घरी आई भाजी निवडत होती. मी गंज तिच्यासमोर ठेवला. तिने आत पाहायच्या आधी काठावरचं नाव पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"मी सांगितलं काकूंना," मी म्हणाले. "तू का नाही सांगितलंस? तू घरी नव्हतीस एवढं म्हणाली असतीस तर दुसऱ्याच दिवशी मिटलं असतं."

आई म्हणाली, "काय सांगू? माही पोरगी इंग्रजी शिकून राह्यली म्हनून मी रोज त्याइच्यासमोर फुशारकी मारत होती. मंग सांगू का, तिले भांडं देनं बी नाई येत?"

"मैत्रीण गेली ना तुझी."

"गेली तं गेली. तुहं नाव त्या बुढीच्या तोंडात नोतं जाऊ द्याचं मले."

चौदा वर्षं मला वाटत होतं की आईने मला माफ केलेलं नाही. तिने मला झाकून ठेवलं होतं. मी तिथेच बसून रडले, चाळिशीकडे निघालेली बाई, नाक वाहेपर्यंत रडले. आईने थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाली, "पुरे आता. दूध कोमट कर, विरजन खराब होईन."

सोमवारी वर्गात मी त्या मुलीला वही परत केली. लाल खूण तशीच ठेवली. पेपर तपासणाऱ्याला तिच्या शेजारणीशी काही घेणं नाही. पण खाली लिहिलं, की तुझा प्रश्न बरोबर आहे, मला त्याचं इंग्रजीत उत्तर देता येत नाही. आणि फळ्यावर दोन रेघा मारलेलं ते वाक्य, लवकर आणि आणली तशी, पुढच्या वर्षी लिहायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. अभ्यासक्रमात आहे, लिहावं लागेल बहुतेक.

पुढच्या शनिवारी गेले तर गंज फळीवरच होता. त्याच्या पुढच्या शनिवारीही. माझ्या जिभेवर आलं होतं, मी गिळलं. तिसऱ्या शनिवारी घरात तुपाचा वास होता. आईने रव्याचे लाडू वळले होते आणि गंज वरपर्यंत भरला होता, वर ताट झाकलं होतं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी हात पुढे केला. तिने गंज दुसऱ्या बाजूला घेतला.

"तू नोको देऊ. मीच देईन."

ती कुंपणाशी गेली नाही. फाटकातून निघून, रस्त्याने, त्यांच्या पुढच्या दाराने आत गेली. मी चहा ठेवला, एकटीने प्याले, कप धुतले, तरी ती आली नाही. खिडकीतून बोलणं कळत नव्हतं, हसणं कळत होतं. ऊन कलल्यावर ती आली तेव्हा गंज तिच्या हातातच होता, वर आता काकूंचं ताट होतं आणि तिला तो दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

तिने तो फळीवर ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "याले तू हात नोको लावू."